मामाने लावलेलं निळं अस्तर

माझा मामा ओठांत टाचण्या धरून बोलतो. त्यामुळे ओठ मिटून म्हणायची सगळी अक्षरं त्याच्या भाषेतून बाद आहेत. ‘परवा या’ हे तो ‘अरवा या’ असं म्हणतो, आणि गिऱ्हाईकं न चुकता परवाच येतात. ‘हं’ मात्र त्याला टाचण्यांसकट जमतं. त्याचे अकरा हं मला पाठ आहेत. कापड चांगलं आहे असा हं, घरातल्या उंदराने कुरतडलंय आणि गिऱ्हाईक खिळ्याचं नाव सांगतंय असा हं, मामीचं बोलणं ऐकलं नाही पण ऐकल्यासारखं दाखवायचा हं. हा शेवटचा मी मामीला करून दाखवला होता, आणि मामाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

मामा रफू करतो. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सवाला आणि सायकल दुरुस्तीवाला यांच्या मधोमध त्याचं दुकान आहे. आत दोन माणसं उभी राहतात, तिसऱ्याने पायरीवरून बोलायचं. आई कामावरून येईपर्यंत मी शाळेनंतर तिथेच असते. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे मामा दर दोन दिवसांनी कुणाला तरी वकिलाच्या थाटात समजावतो. कापडाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून, तो एकेक सूत काढतो आणि भिंगाखाली ते उभं-आडवं विणत विणत फाटलेली जागा भरून काढतो. काम झालं की कपडा गिऱ्हाइकासमोर पसरतो आणि म्हणतो, “शोधा बरं.”

हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण. गिऱ्हाईक शोधतं. कपडा उजेडात धरतं, बोटाने चाचपतं. एकदा गणिताचे एक प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवून पाव तास कोटाच्या बाहीवर ती जागा शोधत होते आणि शेवटी “शरण आलो” म्हणाले. त्या दिवशी मामा संध्याकाळभर शीळ घालत होता. कुणी जागा शोधून दाखवलीच तर तो सगळं उसवून पुन्हा करून देतो. माझ्या आठवणीत हे एकदाच झालंय. मामीला दर वेळी सापडतं, पण ते मोजायचं नाही.

आता दुकानात येणाऱ्या एका मुलाबद्दल. हे त्याला विचारून लिहितेय. त्याची अट एकच होती, “तुझ्या मामाला फार शहाणा दाखवू नकोस.” ती पाळायला काही त्रास पडणार नाही.

तो दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत होता. पहिल्यांदा आला तेव्हा दाराला अडखळला आणि दाराला सॉरी म्हणाला. मग स्टुलाला म्हणाला. दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरलेलं, बाह्या ओढून बोटांपर्यंत आणलेल्या. बाहेर ऊन असं की सायकलवाला ओला रुमाल डोक्यावर टाकून बसला होता.

“पूर्ण बाहीचा शर्ट? या उकाड्यात?” मामाने विचारलं.

“सहजच.”

“आणि हा कोपर कशाने फाटला?”

“सहजच. म्हणजे... माहीत नाही. सॉरी, काका.”

तो गेल्यावर मी त्याचं नाव ‘सहजच’ ठेवलं. मामीला करूनही दाखवलं. मामी पोट धरून हसली.

मग तो येतच राहिला. कधी बटण तुटलेलं, कधी शिवण सुटलेली. एकदा मामाने सहज विचारलं, “परीक्षेचं काय झालं?” तर म्हणाला, “दुसरा आलो. मूर्ख आहे मी.” मामाला वाटलं विनोद आहे, म्हणून तो हसला. मुलगा नाही हसला. नंतर एकदा त्याने विचित्र काम आणलं. राखाडी जाड शर्टाच्या दोन्ही कफांना आणखी एकेक बटण लावून हवं होतं, घट्ट, म्हणजे हात वर केला तरी बाही सरकू नये. थंडीतलं एक जाकीटही त्याच वेळी टाकलं, खिसा फाटलेलं.

मामाने कफ उसवला आणि बाही उलटी केली. लोक कपड्याची फक्त बाहेरची बाजू बघतात. मामा जन्मभर आतलीच बघत आलाय. डाव्या बाहीच्या आत तपकिरी डाग होते, पुन्हा पुन्हा धुऊनही राहिलेले. मी पायरीवर बसून गृहपाठ करत होते, मला काही दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की मामाने भिंग बाजूला सारलं आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत बसला.

मग त्याने केलं काय? तर जे तो तीस वर्षं करत आला तेच. दिसू नये असं केलं. निळं, मऊ, जुन्या सुती कापडाचं अस्तर घेतलं आणि बाहीला आतून असं बेमालूम बसवलं की डाग झाकले गेले, आणि कधी पुन्हा पडले तरी बाहेर यायचे नाहीत. त्याला वाटलं, पोराची लाज राखली. कुणाला कळायला नको. कुणाला म्हणजे कुणालाच, मामीलासुद्धा त्याने सांगितलं नाही.

चार दिवसांनी मुलगा आला. मामाने शर्ट पसरला. मुलाने बाही उलटी केली, निळं अस्तर पाहिलं, आणि मामाच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, “शोधा बरं.”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने शर्ट गोळा करून दप्तरात कोंबला, “सॉरी” म्हणाला आणि गेला. जाकीट खुंटीवरच राहिलं.

त्यानंतर दोन आठवडे तो फिरकला नाही.

त्या दोन आठवड्यांत मामाने एका बाईंच्या कोटाला बटणं उलट्या बाजूने लावली, आणि स्वतःचाच चहा दोनदा पायाने लवंडला. फाटकातून पोरांचा घोळका बाहेर पडला की मान उंच करून बघायचा. मामी एकदा दुपारी डबा घेऊन आली आणि म्हणाली, “काय गं, तुझा तो सहजच दिसत नाही हल्ली?”

मी लगेच उठले. दप्तर छातीशी धरलं, बाह्या ओढल्या, मान खाली घातली. “सहजच.”

मामी हसली. मामा हसला नाही. त्याने टाचण्या तोंडातून काढल्या. “पुन्हा म्हण.”

“सहजच.”

“आणखी एकदा. अगदी तो म्हणतो तसं.”

तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या लक्षात आलं की हे नीट करायचं तर आधी श्वास रोखून धरावा लागतो. मग त्यातला चिमूटभर सोडायचा, शब्दापुरता. बाकीचा आतच ठेवायचा. इतके दिवस मी मजेत करत होते, म्हणून ते मला कळलं नव्हतं.

“बघ,” मामा मामीला म्हणाला, “तो पोरगा असा बोलतो. मी समोर बसून कधी ऐकलं नाही.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. डाग, अस्तर, शोधा बरं.

मामीने डबा उघडलाच नाही. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही त्याला लपवायला मदत केलीत.”

“मी त्याची लाज—”

“लाजेनेच तर तो गुदमरतोय. वर तुम्ही आणखी एक थर चढवलात.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि हे नक्कल करायचं काम नाही. कळलं?”

कळलं होतं.

मामी दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली. तिथे मुलांशी बोलायला एक समुपदेशक बाई असतात. मामीने कुणाचाही उल्लेख न करता विचारलं, एखादं मूल स्वतःला इजा करून घेतंय असं दिसलं तर आपल्यासारख्याने काय करायचं? बाईंनी तिला पाऊण तास बसवून घेतलं. मामी परत आली ती त्यांचाच आवाज लावून. हा गुण आमच्याकडे तिच्याकडूनच आलाय.

“त्या म्हणाल्या, हे नाटक नसतं. बहुतेक जण जिवाच्या आकांताने लपवतात. आत जे साचतं ते सांगायला शब्द सापडत नाहीत, किंवा सांगितलं तर आपण ओझं होऊ असं वाटतं. जी पोरं स्वतःवर फार कडक असतात, थोडं चुकलं तरी स्वतःला शिक्षा देतात, ज्यांना चारचौघांत असूनही एकटं वाटतं, त्यांच्यात हे जास्त दिसतं. ओरडू नका म्हणाल्या. पुन्हा करणार नाही अशी शपथ घ्यायला लावू नका. हात दाखव म्हणू नका. सरळ विचारा, शांतपणे. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का, तेही सरळ विचारा, विचारल्याने ते मनात येत नाही. आणि तसं असलं तर एकटं सोडू नका, लगेच घेऊन या. नसलं तरी घेऊन या.”

“सरळ विचारायचं,” मामा म्हणाला. “बरं.” आणि घाम पुसला.

मग तालीम झाली. मी मुलगा, मामा मामा, मामी परीक्षक. मी आत आले, दाराला सॉरी म्हणाले.

“बस,” मामा म्हणाला. “हे बघ. आईवडील किती कष्टाने शिकवतात, त्यांचा विचार केलास का?”

“थांबा,” मामी म्हणाली. “हे स्नेहसंमेलनातलं भाषण आहे. पुन्हा.”

“बस. तुझ्या वयाचा असताना मी—”

“हे आत्मचरित्र. पुन्हा.”

“बस. तू... तू म्हणजे... ते जे काही...” मामाने माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या जाकिटाकडे. “चहा घेणार?”

“चहा चालेल,” मामी म्हणाली. “पण चहानंतर?”

सहा वेळा केलं. ‘इजा’ या शब्दापाशी मामा दर वेळी अडकला. सातव्या वेळी सायकलवाला डोकावून म्हणाला, “नाटक कुठलं बसवताय?” आणि तालीम बंद झाली.

जाकीट मागायला तो कधी येईल का, हाच प्रश्न होता. वाट बघत बसण्यापेक्षा मामाने झेरॉक्सवाल्याकडे निरोप ठेवला, कारण तिथे सगळी पोरं नोट्स काढायला जातात. निरोप एवढाच, जाकीट तयार आहे, आणि काकांना काम आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बारीक झाला होता. पायरीवरच उभा राहिला.

“जाकीट...”

“झालंय. बस.”

“नको काका, तास आहे.”

“दोन मिनिटं बस रे. माझ्याकडून एक चूक झालीये.”

तालमीत हे वाक्य नव्हतं. पण जो मुलगा स्टुलालासुद्धा सॉरी म्हणायचा, त्याच्याकडे कुणी आपली चूक घेऊन येत नसावं. तो बसला.

मामाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून गादीत टोचल्या. सगळ्या. “तुझ्या शर्टाला मी अस्तर लावलं ते चुकलं. डाग दिसले तेव्हाच विचारायला हवं होतं. मला धीर झाला नाही, म्हणून झाकून टाकलं. वर शोधा बरं म्हणालो. ते तर फारच चुकलं.”

मुलगा खाली बघत म्हणाला, “कुणाला सांगितलंत?”

“बायकोला. आणि ही इथे बसलेली असते, तिला कळलंय. आणखी कुणाला नाही.” मग मामा थांबला, आणि त्या शब्दावरून अलगद पार झाला. “तू स्वतःला इजा करून घेतोस का?”

शेजारी झेरॉक्सचं मशीन चालू होतं. पाच-सहा पानं बाहेर पडली असतील.

“हो.”

“बरं. सांगितलंस ते चांगलं केलंस.”

“तुम्हाला वाटत असेल मी लक्ष वेधून घ्यायला—”

“कफाला दोन-दोन बटणं लावून घेणारा लक्ष वेधतो होय रे?”

तो नाकातून फसकन हसला. आणि त्या हसण्यामागून जे आलं ते थांबेचना. शाळेत तो पहिला यायचा. इथे सगळेच आपापल्या शाळेत पहिले. घरी फोनवर तो म्हणायचा, मस्त चाललंय. त्यांना अभिमान वाटायचा, आणि फोन ठेवला की त्याला वाटायचं आपण खोटारडे आहोत. खोलीत चौघं राहतात, पण चौघांत बोलायचं काय? “डोक्यात कुणीतरी सारखं ओरडत असतं, काका. मूर्ख, मूर्ख, मूर्ख. काही केलं तरी थांबत नाही. मग मी... आणि जरा वेळ शांत होतं. मग लाज वाटते. मग तो आणखी जोरात ओरडतो.”

“आवाज कुणाचा आहे?”

“माझाच.”

मामाने मान हलवली. मग म्हणाला, “मी काम शिकत होतो तेव्हा रफू बिघडला की दिवसभर जेवायचो नाही. गुरूंनी सांगितलं नव्हतं. मीच मला शिक्षा द्यायचो.”

“मग काम सुधारलं?”

“कुठलं! भुकेने नजर ठरायची नाही, आणखी बिघडायचं. शेवटी गुरूंच्या बायकोने विचारलं, तू जेवत का नाहीस? एवढंच विचारलं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं.” मामाने स्टूल जवळ ओढलं. “आता एक विचारतो, खरं सांग. जीव द्यावा असं येतं का मनात?”

“नाही. तसं नाही. फक्त ते थांबावं असं वाटतं.”

“दवाखान्यात एक बाई असतात. हेच त्यांचं काम आहे. चल.”

“आज?”

“आत्ता. मी येतो.”

“तिथे मला वेडा म्हणतील.”

“म्हणाले तर आपण दोघं उठून येऊ.” मामा उभा राहिला, पायात चप्पल सरकवली, आणि मला म्हणाला, “कुणी आलं तर सांग, मामा बाहेर गेलाय.” तीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात पहिल्यांदा उच्चारलं गेलं असेल.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मामाने घरी सांगितलं तसं सांगते. दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने एक फॉर्म दिला. सोबत आलेल्या व्यक्तीचं विद्यार्थ्याशी नातं, असा त्यात एक रकाना होता. मामाने विचार करून लिहिलं, रफूवाला.

“हे नातं आहे का?” खिडकीवरचा माणूस म्हणाला. “वडील, काका, भाऊ, असं काहीतरी लिहा.”

“नसलेलं कसं लिहू?” मामा म्हणाला.

यावर मुलगा म्हणाला, “असू द्या ना. तेच बरोबर आहे.” दुकानात आल्यापासून त्याने पहिल्यांदा कुणालातरी मान वर करून काही सांगितलं होतं, असं मामाचं म्हणणं.

तासाभराने तो बाहेर आला तेव्हा डोळे सुजले होते. “पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय,” तो म्हणाला. “अकरा वाजता.”

“बरं,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पुठ्ठा लागला. ‘मंगळवारी अकरा ते बारा बंद.’ लोकांनी कुरकुर केली. सायकलवाला म्हणाला, “ही कुठली नवी सुट्टी?” गणिताचे प्राध्यापक दाराच्या बंद फळीवर टकटक करून गेले. मामा तासभर दवाखान्याच्या बाकावर बसून असायचा आणि बारा वाजता मुलाबरोबर परत यायचा. वाटेत ते काय बोलायचे म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, “काही नाही. त्याने मला सायकलची साखळी का गंजते ते सांगितलं.”

सगळं सरळ झालं असं नाही. मध्ये परीक्षा आल्या, आणि एका मंगळवारी तो येताना कोऱ्या चेहऱ्याने म्हणाला, “काका, काल पुन्हा झालं.” मामा एवढंच म्हणाला, “मग आज बाईंना ते आधी सांग.” बाई म्हणाल्या, असं होतं, याचा अर्थ मागचं सगळं वाया गेलं असा नाही. खोलीतल्या चौघांपैकी एकाला त्याने स्वतःहून सांगितलं. घरी सांगायला आणखी दोन महिने लागले. त्याची आई ज्या दिवशी आली, त्या दिवशी मामीने दोघांना दुकानात बसवलं आणि मामाला बाहेर हाकललं.

मग एका मंगळवारी, पावणेअकराला, तो पायरीवर आला. मला सुट्टी होती म्हणून मी तिथेच होते. “काका,” तो म्हणाला, “आज मी एकटा जाऊन बघतो.”

“एकटा?”

“हो. जमेल असं वाटतंय. नाही जमलं तर येतो बोलवायला.”

“बरं.”

तो रस्ता ओलांडून फाटकातून आत गेला. मामाने त्याच्याकडे बघत बघत फळी अर्धी ओढून घेतली आणि अंधारात स्टुलावर बसला. दिवा नाही, भिंग नाही, सुई हातात नाही. कामाचा ढीग समोर.

मामी डबा घेऊन आली आणि वाकून आत बघितलं. “अहो, तो गेला ना एकटा? मग उघडा की दुकान.”

“बारा वाजू देत,” मामा म्हणाला.